मुंबईतून निवृत्तीनंतर कुठे? कर आणि खर्चाचा हिशोब कसा मांडायचा

मुंबईतला वन बीएचके विकला तर तेवढ्यात पुण्याला किंवा नाशिकला टू बीएचके येऊन वर पैसे उरतात, हा हिशोब निवृत्ती जवळ आली की मुंबईतल्या बहुतेक मराठी घरांत सुरू होतो. हिशोब चूक नाही, पण अर्धा आहे. विक्रीवरचा कर, दस्ताचा खर्च आणि नव्या ठिकाणी वाढणारे खर्च त्यात धरलेले नसतात. परत मुंबईला यावं लागलं तर काय, हाही प्रश्न बाजूला राहतो. सगळ्यात महाग पडते ती क्रमाची चूक: आधी फ्लॅट विकायचा, मग कराच्या सवलतीची मुदत संपायच्या आत घाईने दुसरा घ्यायचा आणि तिथे आपल्याला राहता येतं का, हे शेवटी कळायचं. हा क्रम उलटा करा. आधी खर्च मांडा, मग तिकडे भाड्याने राहा आणि विक्री-खरेदी त्यानंतर करा.

खालचे कराचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू होतो आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. पण बँकेत आणि सीएकडे बोलताना जुनेच क्रमांक कानावर पडतात, म्हणून इथेही तेच ठेवले आहेत.

पायरी १: कोणता कर गावाप्रमाणे बदलतो ते वेगळं काढा

प्राप्तिकर केंद्राचा आहे. दादरला राहा की दापोलीला, पेन्शन आणि व्याजावरचा कर तोच. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे कर शून्य होतो आणि पेन्शनमधून ७५,००० ची प्रमाणित वजावट आधी मिळते. समजा पेन्शन ७ लाख आणि व्याज ५ लाख आहे. वजावटीनंतर ११.२५ लाख उरतात, म्हणजे कर शून्य. ही वजावट नोकरीच्या पेन्शनवर आणि ईपीएसवर (खाजगी नोकरीतल्या पीएफची पेन्शन) मिळते. एलआयसीच्या किंवा इतर विमा कंपनीच्या अ‍ॅन्युइटीवर (रक्कम भरून विकत घेतलेल्या पेन्शनवर) मिळत नाही, तिथे बरेच जण फसतात. जुन्या प्रणालीत ज्येष्ठांना व्याजावर ५०,००० (८०टीटीबी) आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर ५०,००० पर्यंत (८०डी) वजावट आहे. तरी उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर बहुतेकांना नवीच प्रणाली फायद्याची ठरते.

व्यवसाय कर पेन्शनवर लागत नाही. निवृत्तीनंतर सल्लागार म्हणून काम करणार असाल तर महाराष्ट्रात वर्षाला २,५०० पर्यंत तो भरावा लागेल. वयाच्या ६५ नंतर तोही माफ.

म्हणजे 'कर कमी पडतो' म्हणून नाशिक किंवा कोल्हापूर निवडण्यात प्राप्तिकराचा काही संबंध नाही. गावाप्रमाणे बदलतात ते मालमत्ता कर, मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, विजेचे दर, आणि राज्य बदललं तर गाडीचा कर.

मालमत्ता कराबद्दल एक गोष्ट मुंबईकरांच्या लक्षात येत नाही. मुंबई महापालिका हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांना २०२२ पासून हा कर माफ आहे. गोरेगावच्या ४२५ फुटांच्या फ्लॅटमधून पुण्याच्या ८५० फुटांच्या फ्लॅटमध्ये गेलात तर शून्याच्या जागी दरवर्षी बिल येऊ लागेल. पुण्यात स्वतः राहत असल्यास ४० टक्के सवलत आहे, पण ती आपोआप मिळेल असं धरू नका. पीटी-३ अर्ज आणि स्वतः राहत असल्याचे पुरावे पालिकेकडे द्यावे लागतात. घर बघायला जाल तेव्हा मालकाकडून चालू वर्षाचं बिल मागा आणि त्यावर 'स्वतः राहतात' अशी नोंद आहे की भाडेकरूची, ते पाहा. भाडेकरूची असेल तर तुमचं बिल वेगळं येईल.

पायरी २: बारा महिन्यांचा खर्च तीन ढिगांत टाका

मागच्या बारा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट आणि यूपीआयचा इतिहास घेऊन बसा. महिन्याच्या सरासरीवर जाऊ नका. विम्याचे हप्ते, लग्नकार्यं, गणपती-दिवाळी, घरातली दुरुस्ती वर्षातून एकदाच येतात आणि सरासरीत हरवतात. प्रत्येक खर्च तीनपैकी एका ढिगात टाका.

गाव बदललं तरी तसाच राहणारा खर्च: औषधं, फोन आणि इंटरनेट, विमा, डाळ-तेल-साखर, कपडे. औषधांची छापील किंमत सगळीकडे एकच असते. मुंबईत मोठ्या दुकानात सूट मिळते, लहान गावात ती मिळेलच असं नाही.

कमी होणारा खर्च: धुणीभांडी आणि पोळ्यांच्या बाईंचा पगार, सोसायटीचा मेंटेनन्स (जुनी साधी सोसायटी असेल तर), भाजी, दूध, बाहेरचं खाणं.

वाढणारा खर्च: हा ढीग बहुतेक जण रिकामाच सोडतात. मुंबईत रेल्वेचा पास आणि बेस्टवर आयुष्य निघतं. रिक्षाचं किमान भाडं मीटरप्रमाणे फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये आहे आणि मीटर पडतो. लहान शहरात शेअर रिक्षाच्या वेळा आणि मार्ग ठरलेले असतात, बाकी भाडं तोंडी ठरतं. त्यामुळे स्कूटर किंवा छोटी गाडी घ्यावी लागते आणि तिच्यामागे विमा, पेट्रोल, सर्व्हिसिंग आलं. इन्व्हर्टर आणि दर काही वर्षांनी त्याची बॅटरी. उन्हाळ्यात टँकर. मुंबईच्या डॉक्टरकडे, भावकीत, नातवंडांकडे फेऱ्या. आणि पाहुणे, कारण गावात मोठं घर घेतलं की मे महिन्यात सगळे येतात, आणि यावेतच.

कोकणात स्वतंत्र घर घेणार असाल तर वाढणाऱ्या ढिगात आणखी भर पडते. दरवर्षी पावसाआधी कौलं शाकारणं, झांपं किंवा पत्रे बांधणं, पंपाची दुरुस्ती, वाडीतल्या कामाला गडी, आगोटीची भरती (पावसाआधीचा साठा) आणि वाळवीचा बंदोबस्त. वाडीचं उत्पन्न यातून वजा करू नका. आंबा-काजू एका वर्षी चांगला होतो, दुसऱ्या वर्षी मोहोर जळतो.

तिन्ही ढीग बेरजेला घ्या आणि महागाई धरा. ६ टक्के दराने खर्च साधारण १२ वर्षांत दुप्पट होतो. साठीला महिना ५०,००० लागत असतील तर बहात्तरीला एक लाख आणि चौऱ्याऐंशीला दोन लाख. सरकारी पेन्शनीला महागाई भत्ता असतो, ईपीएसच्या पेन्शनला नसतो. खाजगी नोकरीतल्या माणसाने हे विशेष लक्षात घ्यावं. गाव बदलून खर्च २० टक्के कमी झाला तर तो फायदा एकदाच मिळतो, महागाई मात्र दरवर्षी सगळीकडेच लागते.

पायरी ३: गाव तपासा, ब्रोशर नव्हे

बिल्डरच्या कागदांपेक्षा सोसायटीचा वार्षिक जमाखर्च जास्त सांगतो. पुनर्विक्रीचं घर बघत असाल तर सेक्रेटरीकडून किंवा मालकाकडून मागच्या सर्वसाधारण सभेत मांडलेला अहवाल मिळवा. त्यात टँकर, जनरेटरचं डिझेल आणि लिफ्ट या तीन ओळी शोधा. समजा ६० फ्लॅटच्या सोसायटीत टँकरवर वर्षाला ७.२ लाख खर्च झाला आहे. फ्लॅटमागे १२,००० पडतात, महिन्याला हजार, म्हणजे फार वाटत नाही. पण बिलांच्या तारखा बघितल्यावर सगळा खर्च फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत दिसला, तर त्या महिन्यांत घरटी ३,००० लागतात आणि टँकर उशिरा आला की नळ कोरडे. पुण्याच्या कडेच्या नव्या वसाहतींत हा प्रश्न नेहमीचा आहे. जमाखर्चात सभासदांच्या थकबाकीचा आकडाही बघा. तो मोठा असेल तर लिफ्टचं काम निघाल्यावर पैसे वेळेवर भरणाऱ्यांनाच पुन्हा हात खिशात घालावा लागतो.

मोठ्या टाउनशिपमध्ये आणखी एक खर्च. फ्लॅटमागे मेंटेनन्स महिना ७,५०० च्या वर असेल आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो.

विजेसाठी मालकाचं मे महिन्याचं आणि जानेवारीचं बिल मागा. शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा, आणि मुंबईबाहेर जवळजवळ सगळीकडे महावितरण. महावितरणचे घरगुती टप्पे १०० युनिट, ३००, ५०० आणि त्यापुढे असे आहेत, आणि १०० च्या वर गेल्यावर दर एकदम चढतो. गीझर, पंप आणि एसी लावून मोठ्या घरात राहिलात तर मुंबईपेक्षा बिल कमी येईलच असं नाही.

पूररेषा तपासा. चिपळूण, महाड २०२१ ला बुडाले. सांगली-कोल्हापूर २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला. बदलापूर-वांगणीच्या पट्ट्यात २०१९ च्या जुलैत उल्हास नदीच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती. स्वस्त फ्लॅट नदीकाठी असेल तर स्वस्त का आहे हे तिथल्या किराणा दुकानदाराला विचारा. पाणी कुठवर आलं होतं ते तो बोटाने दाखवतो.

दवाखान्याची तपासणी खरी महत्त्वाची. जवळचं चोवीस तास चालणारं आयसीयू, अँजिओप्लास्टी होते असं रुग्णालय आणि डायलिसिस केंद्र किती मिनिटांवर आहे, हे दिवसा नाही, रात्रीच्या हिशोबाने काढा. पुणे, नाशिक, कोल्हापूर यात अडत नाही. दक्षिण सिंधुदुर्गातल्या गंभीर रुग्णाला बरेचदा बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात न्यावं लागतं. दोघांपैकी एकाला हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर खर्च कितीही कमी दिसो, अशा ठिकाणी वर्षभर राहण्याचा विचार करू नका, तिथे सुट्टीला जा. आया किंवा अटेंडंट पुरवणारा ब्यूरो आहे का, बारा तासांचे किती आणि चोवीस तासांचे किती घेतात, हे आजच विचारून ठेवा. ऐंशीनंतर घरातला सगळ्यात मोठा खर्च हाच असतो आणि कुठल्याच आराखड्यात तो लिहिलेला नसतो.

मुंबईशी संबंध कितपत लागणार तेही धरा. नाशिकहून पंचवटी एक्सप्रेसने सकाळी निघून दुपारच्या आत सीएसएमटीला पोचता येतं. पुण्याहून गाड्यांना तोटा नाही. कोकण रेल्वेवर पावसाळी वेळापत्रकात गाड्या सावकाश धावतात. अलिबागजवळच्या मांडव्याची रो-रो बोट पावसात हवामानावर अवलंबून, आणि गेटवेच्या लाँचेस तर पावसाळ्यात बंदच असतात.

पायरी ४: विकण्याआधी अकरा महिने भाड्याने राहा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. डिसेंबरात बघितलेलं गाव आणि जुलैतलं गाव वेगळं असतं. करारात मे आणि जुलै दोन्ही महिने येतील असं बघा. मेमध्ये पाणी आणि ऊन कळतं, जुलैमध्ये वीज, रस्ते, ओल आणि एकटेपणा.

तोवर मुंबईचा फ्लॅट भाड्याने द्या. लीव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच करा, महाराष्ट्रात तो कायद्याने बंधनकारक आहे. सोसायटी ना-भोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल) लावेल, पण ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही आणि पालिकेचे कर त्यात धरता येत नाहीत. समजा भाडं महिना ३६,००० आलं, म्हणजे वर्षाला ४.३२ लाख. त्यातून ३० टक्के वजावट नव्या करप्रणालीतही मिळते, त्यामुळे करपात्र सुमारे ३.०२ लाख. तिकडचं भाडं यातून भागून वर काही उरतं. ते जमलं, तर फ्लॅट न विकता दोन-तीन वर्षं असं राहायलाही हरकत नाही.

वर्षभर भाड्याने राहिल्याने करात काही गमवावं लागत नाही. भांडवली नफ्याच्या सवलतीची मुदत फ्लॅट विकला त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घर सोडलं तेव्हापासून नाही. भाड्याने दिलेल्या राहत्या घरालाही ती सवलत लागू आहे.

पायरी ५: विक्रीचा हिशोब, सीएकडे जाण्याआधी स्वतः करा

घर २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ तुमच्याकडे असेल तर नफा दीर्घकालीन धरतात. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला दोन पर्याय आहेत: महागाईचा निर्देशांक न लावता १२.५ टक्के, किंवा निर्देशांक लावून २० टक्के. ज्यात कर कमी तो. घर २००१ च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत मूळ किंमत म्हणून घेता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल घ्या, आणि ही किंमत त्या वेळच्या रेडी रेकनरपेक्षा (सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा) जास्त दाखवता येत नाही हे लक्षात ठेवा.

उदाहरण घेऊ. मुलुंडचा जुना वन बीएचके, २००१ ची किंमत १२ लाख, विक्री १ कोटी ८० लाख. निर्देशांक २००१-०२ चा १०० आणि २०२५-२६ चा ३७६. बारा लाखांचे ४५.१२ लाख होतात, नफा १३४.८८ लाख, त्याचे २० टक्के म्हणजे २६.९८ लाख. निर्देशांक न लावता नफा १६८ लाख, त्याचे १२.५ टक्के म्हणजे २१ लाख. इथे निर्देशांक न लावणं स्वस्त. २०२५-२६ मधल्या विक्रीसाठी ढोबळ कसोटी अशी: विक्रीची किंमत २००१ च्या किमतीच्या साधारण ८.४ पटीहून जास्त असेल तर १२.५ टक्के बरे, कमी असेल तर निर्देशांक.

काहीच गुंतवलं नाही तर २१ लाखांवर थांबत नाही. उत्पन्न एक कोटीच्या वर गेल्याने १५ टक्के अधिभार आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे सुमारे २५.१२ लाख.

आता कलम ५४. विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत दुसरं राहतं घर घेतलं, किंवा तीन वर्षांत बांधलं, तर तेवढ्या नफ्यावर कर नाही. नफा दोन कोटींच्या आत असेल तर आयुष्यात एकदा दोन घरांत विभागता येतो, म्हणजे पुण्याला एक आणि मुंबईच्या कडेला छोटं एक. कलम ५४ईसीनुसार सहा महिन्यांच्या आत आरईसी, पीएफसी, आयआरएफसी या सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवता येतात.

पुण्यात ७५ लाखांचं घर घेतलं. मुद्रांक शुल्क ७ टक्के म्हणजे ५.२५ लाख, नोंदणी फी ३०,०००. हा खर्च घराच्या किमतीत धरला जातो, म्हणून ८०.५५ लाख. रोख्यांत ५० लाख. उरलेला नफा १६८ वजा १३०.५५, म्हणजे ३७.४५ लाख. त्यावर १२.५ टक्के आणि उपकर मिळून सुमारे ४.८७ लाख. एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत राहिलं तर अधिभारही नाही. पंचवीस लाखांवरून पाच लाखांच्या आत.

रोखे डोळे मिटून घेऊ नका. व्याज ५.२५ टक्के आहे, करपात्र आहे, पैसे पाच वर्षं अडकतात आणि त्यावर कर्जही काढता येत नाही. ५० लाखांवर कर वाचतो ६.५ लाख. तेच पैसे ७ टक्क्यांच्या ठेवीत राहिले असते तर पाच वर्षांत करापूर्वी साधारण ४.४ लाख जास्त व्याज मिळालं असतं. फायदा उरतो तो दोन लाखांच्या आसपास. हाताशी दुसरी रक्कम नसेल आणि आजारपणाची भीती असेल तर थोडा कर भरून पैसे मोकळे ठेवणं शहाणपणाचं.

इथे नेमकं काय चुकतं ते बघा.

विक्री झाली, घर अजून मिळालं नाही आणि पैसे बचत खात्यात पडून आहेत. विवरणपत्राच्या मुदतीआधी (सहसा ३१ जुलै) ती रक्कम बँकेच्या भांडवली नफा खात्यात टाकली नाही तर सवलत जाते.

बायकोच्या नावाने दस्त केला तर मुद्रांक शुल्क एक टक्का कमी पडतं, आपल्या उदाहरणात ७५,००० वाचतात. पण विकलेला फ्लॅट नवऱ्याच्या नावावर असेल तर नवं घर दुसऱ्याच्या नावाने घेतल्यावर कलम ५४ वरून वाद उभा राहतो. पाऊण लाखासाठी दहा लाखांची सवलत धोक्यात घालू नका. मुलाच्या नावाने तर नकोच. ही एक टक्क्याची सूट सगळे खरेदीदार महिला असतील तरच मिळते.

नवं घर तीन वर्षांच्या आत विकलं तर वाचलेला कर परत निघतो. पायरी ४ गाळणाऱ्यांवर ही वेळ येते: गाव मानवलं नाही आणि विकताही येत नाही.

विक्रीच्या वर्षी करपात्र नफा उरला तर पेन्शनवरही कर लागतो. १२ लाखांची मर्यादा मोजताना भांडवली नफा धरतात. वरच्या ११.२५ लाखांच्या उदाहरणात एरवी शून्य असलेला कर त्या वर्षी ५४,६०० होतो.

रोखीत पैसे घेऊन दस्त कमी किमतीचा केला तर रेडी रेकनरची किंमत विक्री किंमत धरली जाऊ शकते. सूट फक्त १० टक्क्यांच्या फरकापर्यंत. शिवाय खरेदीदार ५० लाख आणि वरच्या व्यवहारात एक टक्का टीडीएस (आधीच कापायचा कर) कापणारच, तो तुमच्या फॉर्म २६एएसमध्ये (कापलेल्या कराच्या नोंदीत) दिसतो का ते बघा. सोसायटीने ट्रान्सफरसाठी २५,००० पेक्षा जास्त प्रीमियम मागितला तर तो नियमात बसत नाही.

गिरगाव, परळ, लालबागला पागडीची खोली असेल तर हा हिशोब लागू होत नाही. तिथे तुम्ही घर नाही, भाडेकरूचा हक्क विकता. मालकाचा वाटा वेगळा. कलम ५४ आणि ५४ईसी मिळत नाही, ५४एफचा (घर सोडून इतर मालमत्ता विकल्यावरच्या सवलतीचा) विचार करावा लागतो आणि पूर्ण सवलतीसाठी फक्त नफा नाही, विक्रीची निव्वळ रक्कम सगळी नव्या घरात घालावी लागते. चाळ पुनर्विकासात असेल तर आधी सीए, मग दलाल.

पायरी ६: नव्या घराचा दस्त

मुंबई शहर-उपनगरांत मुद्रांक शुल्क ६ टक्के, पुणे, ठाणे, नवी मुंबईत ७ टक्के. महाराष्ट्रात नोंदणी फीला ३०,००० ची मर्यादा आहे. गोव्यात आणि बेळगावला नोंदणी फी टक्केवारीनेच लागते, त्यामुळे मोठ्या घराला ती लाखांत जाते. नुसतं मुद्रांक शुल्क बघून गोवा स्वस्त म्हणू नका.

भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) मिळालेल्या तयार घरावर जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेल्यावर ५ टक्के, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर १ टक्का. साठीनंतर तयार घरच घ्या. ताबा लांबला तर भाडं चालू राहतं आणि कलम ५४ ची मुदतही संपत येते.

प्लॉट घेऊन बांधायचं मनात असेल तर लक्षात ठेवा, महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. जमीन बिगरशेती (एनए) असल्याचा कागद, सातबारा, मोजणीचा नकाशा आणि रस्त्याचा हक्क हे चारही कागद हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. ज्येष्ठांसाठीच्या खास प्रकल्पात महारेरावर नोंदणी बघा आणि करारात तीन गोष्टी शोधा: सेवा शुल्क दरवर्षी किती वाढणार, एक जोडीदार गेल्यावर दुसऱ्याचं काय, आणि परत विकताना वयाची अट लागते का.

पायरी ७: आरोग्य विमा आणि ठेवी

बऱ्याच आरोग्य पॉलिसींत शहरांचे झोन असतात. मुंबई सगळ्यात महाग झोनमध्ये, लहान शहरं स्वस्त. पत्ता बदलून हप्ता कमी करण्याचा मोह होतो, पण मोठं दुखणं निघाल्यावर तुम्ही परळलाच येणार असाल तर खालच्या झोनच्या पॉलिसीत बिलाचा काही टक्के वाटा स्वतः भरावा लागतो. मुंबईचा झोन चालू ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, ती बचत आहेच. कंपनी बदलायची असेल तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करा. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्डावर कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, उत्पन्नाची अट नाही. मात्र तुमच्या नव्या जिल्ह्यात कोणती रुग्णालयं त्यात आहेत ते आधी तपासा. सीजीएचएसवाल्यांना (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) मुंबई, पुणे, नागपूर ही सोयीची शहरं.

उरलेल्या रकमेतून ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत माणशी ३० लाख ठेवता येतात. ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० येतात. साठी पूर्ण झालेले दोघंही वेगवेगळी खाती काढू शकतात. एका बँकेतलं व्याज वर्षाला एक लाखाच्या वर गेलं की टीडीएस कापतात, कर शून्य असेल तर तसं घोषणापत्र बँकेला आधीच द्या.

पायरी ८: पत्ता बदलण्याचे कागद

आधारचा पत्ता आधी बदला, बाकी सगळं त्यावर चालतं. मतदार यादीसाठी अर्ज ८. गॅस दुसऱ्या शहरात नेताना सिलिंडर आणि रेग्युलेटर परत करून टर्मिनेशन व्हाउचर घ्या, ते दाखवून तिकडे अनामतीवर जोडणी मिळते. राज्याबाहेर कायमचे गेलात तर गाडीची आरटीओ एनओसी घेऊन १२ महिन्यांत तिकडे पुन्हा नोंदणी करावी लागते. तिथला कर भरून मग महाराष्ट्रातला उरलेल्या काळाचा कर परत मागायचा. पंच्याहत्तरीनंतर एसटी मोफत, ६५ ते ७५ अर्धं तिकीट आणि महिलांना अर्धं, पण राज्याच्या हद्दीपुरतंच. बेळगाव किंवा गोव्याला स्थायिक होणाऱ्यांनी ही सवलत हिशोबातून काढून टाकावी.

ईपीएसची पेन्शन जानेवारी २०२५ पासून कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेत घेता येते, त्यासाठी मुंबईतलं खातं धरून बसायची गरज नाही. सरकारी पेन्शनीचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात, ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरपासून देता येतो. ईपीएसचा वर्षभरात कधीही. जीवन प्रमाण या सरकारी सेवेच्या अ‍ॅपवर चेहरा दाखवून तो घरबसल्या होतो. मात्र आधारला जोडलेला मोबाईल नंबर बंद पडू देऊ नका. सिम बदललंत तर आधी आधार केंद्रात नवा नंबर नोंदवा आणि मगच जुना सोडा.